फ्लूच्या लशीवर संशोधन करायचं तर: सीरमची जोडी, लाल पेशी आणि जन्मसाल

प्रश्न: मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करते आहे. पुढे इन्फ्लुएन्झाची प्रतिकारशक्ती आणि लस यांवर काम करायचं आहे. थॉमस फ्रान्सिस यांच्या कामाबद्दल थोडं वाचलं. पण अशा संशोधकाचं रोजचं काम काय असतं, ते कुठे चुकतं आणि तयारी कशी करायची, हे कळत नाही.

उत्तर:

या क्षेत्रात दिवसाचा मोठा भाग एक आकडा मिळवण्यात आणि तो तपासण्यात जातो. तो आकडा म्हणजे टायटर: सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळा होणारा पातळ द्रव, किती पातळ केलं तरी ते विषाणूला अडवतं, याचं माप. लस चालली की नाही, नवा विषाणू जुन्यापासून किती दूर गेला, वस्तीत किती जणांना संसर्ग होऊन गेला, हे सगळे निष्कर्ष त्यावरच निघतात. मात्र समोरच्या माणसाचा जन्म कधीचा आणि त्याला आधी कोणते फ्लू किंवा लशी मिळाल्या आहेत, हे माहीत नसेल तर तो आकडा वाचताच येत नाही. फ्रान्सिस यांचं सगळं काम मला याच दिशेने गेलेलं दिसतं, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून करते.

फ्रान्सिस मुळात न्यूमोनियाच्या जिवाणूवर काम करणारे डॉक्टर. १९३३ मध्ये लंडनला स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ यांनी फेरेट या प्राण्यात माणसाचा फ्लूचा विषाणू वाढवून दाखवला. १९३४ मध्ये फ्रान्सिस यांनी पोर्तो रिकोतल्या साथीतून विषाणू वेगळा केला. तोच पीआर-८. १९४० मध्ये त्यांनी बी प्रकारचा विषाणू शोधला. १९४१ मध्ये ते मिशिगन विद्यापीठात गेले आणि अमेरिकी सैन्याच्या इन्फ्लुएन्झा आयोगाचं नेतृत्व त्यांच्याकडे आलं. १९४३ च्या अखेरीस सुमारे साडेबारा हजार प्रशिक्षणार्थी सैनिकांवर मारलेल्या विषाणूच्या लशीची चाचणी झाली. लस न मिळालेल्यांत ७.१ टक्के आजारी पडले, लस मिळालेल्यांत २.२ टक्के. पोलिओ लशीसाठी पुढे प्रसिद्ध झालेले जोनास साल्क तेव्हा त्यांच्याच प्रयोगशाळेत शिकत होते.

१९४७ मध्ये तीच लस जवळजवळ निकामी ठरली. विद्यापीठातले लस घेतलेले आणि न घेतलेले विद्यार्थी सारख्याच प्रमाणात आजारी पडले. सीरम तपासलं तर लशीतल्या विषाणूंविरुद्ध प्रतिपिंडं भरपूर होती, पण साथीत आलेल्या नव्या विषाणूविरुद्ध फारशी नव्हती. म्हणजे लस ‘लागली’ होती, पण चुकीच्या विषाणूवर. लशीतले विषाणू वेळोवेळी बदलावे लागतात ही समजूत या अपयशातून पक्की झाली. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतला सर्वात शिकण्यासारखा भाग हाच आहे: अपयश आलं तेव्हा त्यांच्याकडे जपून ठेवलेलं सीरम होतं, म्हणून कारण सापडलं.

आता तो आकडा कसा मिळतो ते बघू. चाचणीचं नाव हिमॅग्लुटिनेशन इनहिबिशन, बोलताना एचआय. १९४१ मध्ये न्यूयॉर्कला जॉर्ज हर्स्ट संसर्ग झालेल्या कोंबडीच्या अंड्यातून द्रव काढत असताना रक्तवाहिनी फाटून त्यात रक्त मिसळलं आणि लाल पेशींच्या गुठळ्या झालेल्या दिसल्या. विषाणूच्या पृष्ठभागावरचं हिमॅग्लुटिनिन हे प्रथिन लाल पेशींवरच्या सियालिक आम्लाला चिकटतं आणि पेशी एकमेकींत गुंफल्या जातात. सीरममध्ये योग्य प्रतिपिंडं असली तर ती विषाणूला आधीच धरतात आणि पेशी मोकळ्या राहतात. ऐंशीहून जास्त वर्षं झाली, तरी जगभरची लसनिवड मुख्यतः याच तत्त्वावर उभी आहे.

पहिली पायरी सीरमची. एक भाग सीरम, तीन भाग आरडीई, म्हणजे कॉलऱ्याच्या जिवाणूपासून मिळवलेलं, सियालिक आम्ल कापणारं विकर (एन्झाइम). ते ३७ अंशांवर रात्रभर, १८ ते २० तास ठेवायचं. कारण असं की सीरममध्येही सियालिक आम्ल असलेली प्रथिनं असतात. विषाणू त्यांना चिकटून बसला की लाल पेशी मोकळ्या राहतात आणि प्रतिपिंडं नसतानाही असल्यासारखी दिसतात. दुसऱ्या दिवशी ५६ अंशांवर ३० मिनिटं ठेवून विकर मारायचं आणि सहा भाग सलाइन घालायचं. आता सीरम दहापट पातळ झालं. ही ३० मिनिटं घाईत १५ केली की उरलेलं विकर लाल पेशींवरचंच सियालिक आम्ल कापतं आणि सगळ्या प्लेटवर टायटर खोटं वाढलेलं दिसतं. नवख्यांना या निकालाचा आनंद होतो, म्हणून ही चूक लवकर पकडली जात नाही. रक्त साध्या ट्यूबमध्येच घ्यायचं. या विकराला कॅल्शियम लागतं आणि रक्त गोठू नये म्हणून काही ट्यूबमध्ये असणारं ईडीटीए तेच धरून ठेवतं.

दुसरी पायरी पेशींची. कोंबडी किंवा टर्कीच्या पेशी ०.५ टक्के आणि तळाशी निमुळत्या, व्ही आकाराच्या छोट्या खड्ड्यांची, म्हणजे वेलची, प्लेट. गिनीपिग किंवा माणसाच्या ओ गटाच्या पेशी ०.७५ टक्के आणि यू आकाराची प्लेट. पक्ष्यांच्या लाल पेशींत केंद्रक असतं, त्या जड असतात, अर्ध्या तासात बसतात. सस्तन प्राण्यांच्या पेशींना तास लागतो. पेशी धुताना वरचं पाणी तिसऱ्या वेळीही लालसर दिसलं तर त्या फुटताहेत, टाकून द्या. सीरममध्येच लाल पेशींना गोळा करणारं काही असेल तर २० भाग सीरममागे एक भाग घट्ट पेशी घालून ४ अंशांवर तासभर ठेवायचं आणि पेशी खाली बसवून वरचं सीरम घ्यायचं.

तिसरी पायरी विषाणू मोजण्याची, आणि बहुतेक गोंधळ इथे होतो. चाचणीत २५ मायक्रोलिटरमध्ये ४ एकक (एक एकक म्हणजे गुठळी करणारी सर्वात कमी मात्रा) विषाणू हवा, म्हणजे ५० मायक्रोलिटरमध्ये ८. विषाणूचं टायटर, म्हणजे तो किती पातळ केला तरी गुठळी करतो ते, २५६ आलं तर २५६ ला ८ ने भागायचं, ३२. एक भाग विषाणू, ३१ भाग सलाइन. हे झाल्यावर पातळ केलेला विषाणू त्याच वेळी पुन्हा मोजायचा. पहिल्या चार वेलमध्ये गुठळी आणि पाचव्यात नाही, असं दिसलं तरच पुढे जायचं. पाचव्यातही गुठळी आली तर विषाणू दुप्पट आहे आणि प्रत्येक सीरमचं टायटर निम्मं दिसणार. तीनच वेलमध्ये आली तर उलट. ही फेरमोजणी अनेक जण कंटाळून सोडतात. मग लशीआधीचं सीरम एका दिवशी आणि नंतरचं दुसऱ्या दिवशी तपासलं की विषाणूच्या फरकानेच चौपट वाढ उगवते किंवा नाहीशी होते. म्हणून एका माणसाची सीरमची जोडी, लशीआधीचं आणि २१ किंवा २८ दिवसांनंतरचं, नेहमी एकाच प्लेटवर शेजारी शेजारी लावायची.

प्रत्यक्ष चाचणी छोटी आहे. पहिल्या वेलमध्ये ५० मायक्रोलिटर सीरम, बाकी सातांत २५ मायक्रोलिटर सलाइन, आणि २५-२५ करत खाली उतरायचं: १०, २०, ४०, ८० असं १२८० पर्यंत. शेवटचे २५ टाकून द्यायचे. प्रत्येकात २५ मायक्रोलिटर विषाणू, १५ मिनिटं थांबायचं, मग ५० मायक्रोलिटर पेशी. अर्ध्या तासाने प्लेट तिरकी धरायची. मोकळ्या पेशी तळाशी ठिपका करून बसलेल्या असतात आणि तिरकं धरल्यावर थेंबासारख्या ओघळतात. गुठळी झालेल्या पेशी पातळ गुलाबी चादरीसारख्या पसरलेल्या असतात, हलत नाहीत. पूर्ण ओघळणारा शेवटचा वेल म्हणजे टायटर. अर्धवट ओघळला तर तो धरायचा नाही. पेशी घातल्यावर वीस मिनिटांनी घाईत वाचलं तर वेगळा निकाल आणि दीड तासाने वाचलं तर वेगळा, कारण विषाणूवरचं न्यूरामिनिडेझ हे विकर हळूहळू दुवे कापतं आणि गुठळ्या सुटतात. प्रत्येक प्लेटवर फक्त पेशींचा एक वेल आणि प्रत्येक सीरमचा विषाणूविना एक वेल ठेवायचाच.

१० च्या खालचं टायटर गणनेसाठी ५ धरतात. सरासरी नेहमी गुणोत्तरी काढायची. १०, ४० आणि १६० यांची साधी सरासरी ७० येते, गुणोत्तरी ४०. एकच उंच सीरम सगळ्या गटाला वर ओढतं, म्हणून साधी सरासरी इथे फसवी आहे. चौपट वाढ, म्हणजे दोन पायऱ्या, हा लस लागल्याचा उंबरठा यासाठी की एका पायरीचा फरक हाताच्या चुकीनेही पडतो.

आणि ४० या आकड्याबद्दल. टायटर ४० म्हणजे संरक्षण, असं सर्रास म्हटलं जातं. मूळ गोष्ट अशी आहे की १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधल्या स्वयंसेवकांच्या अभ्यासात १८ ते ३६ च्या दरम्यानच्या टायटरला निम्म्या लोकांना संरक्षण मिळालेलं दिसलं. निम्म्या. आणि तेही प्रौढांत. लहान मुलांत तेवढ्याच संरक्षणासाठी ११० च्या आसपास टायटर लागतं असं २०११ च्या एका लसचाचणीतून पुढे आलं. तेव्हा अहवालात ‘७० टक्के लोक सुरक्षित’ असं लिहू नका, ‘७० टक्के लोकांत टायटर ४० किंवा जास्त’ असं लिहा.

एच३एन२ हा उपप्रकार या चाचणीला सर्वात जास्त त्रास देतो. गेल्या वीसेक वर्षांत त्याची पक्ष्यांच्या पेशींवरची पकड सैल होत गेली. काही विषाणू तर हिमॅग्लुटिनिनऐवजी न्यूरामिनिडेझनेच लाल पेशींना चिकटतात. मग हिमॅग्लुटिनिनविरुद्धची प्रतिपिंडं कितीही असली तरी गुठळी होतेच आणि टायटर खोटं कमी येतं. उपाय म्हणजे चाचणीत २० नॅनोमोलर ऑसेल्टामिविर कार्बोक्झिलेट, म्हणजे न्यूरामिनिडेझ रोखणारं औषध, घालायचं आणि गिनीपिगच्या पेशी वापरायच्या. औषधाच्या दुकानातली कॅप्सूल विरघळवून चालत नाही, कारण त्यातलं रूप शरीरात गेल्यावरच सक्रिय होतं. २०१४ नंतरचे काही विषाणू लाल पेशींना जवळजवळ चिकटतच नाहीत. तिथे एमडीसीके या कुत्र्याच्या मूत्रपिंडापासूनच्या पेशींवर न्यूट्रलायझेशन चाचणी करतात. निम्म्या वेल्सना संसर्ग करणाऱ्या मात्रेच्या शंभरपट विषाणू सीरमबरोबर ठेवायचा, पेशींवर घालायचा आणि दुसऱ्या दिवशी विषाणूच्या न्यूक्लिओप्रथिनाची एलायझा, म्हणजे रंगावरून मोजणारी चाचणी, करायची. बी प्रकारात अडचण वेगळी: अख्खा विषाणू वापरला तर टायटर कमी येतं, इथरने फोडलेला वापरला की वाढतं. तुलना करताना कोणता वापरला ते लिहिलेलं नसेल तर दोन प्रयोगशाळांचे आकडे शेजारी मांडण्यात अर्थ नाही.

विषाणू वाढवणं हे दुसरं हातकाम. कोंबडीची ९ ते ११ दिवसांची अंडी, अंधारात दिव्यावर धरून रक्तवाहिन्या आणि हालचाल तपासायची, हवेच्या पोकळीची सीमा पेन्सिलने आखायची आणि ०.१ ते ०.२ मिली नमुना अ‍ॅलँटॉइक पोकळीत, म्हणजे भ्रूणाबाहेरच्या द्रवाच्या पिशवीत, द्यायचा. ए प्रकाराला साधारण दोन दिवस, बी ला ३३ अंशांवर तीन दिवस. द्रव काढण्याआधी अंडी रात्रभर ४ अंशांवर ठेवायची, म्हणजे रक्तवाहिन्या आकसतात. न ठेवता फोडली तर रक्त मिसळतं, विषाणू त्या पेशींनाच चिकटतो आणि उत्पादन घटतं. हर्स्टना दिसलं ते हेच. एमडीसीके पेशींत वाढवताना टीपीसीके ट्रिप्सिन हे प्रथिनं कापणारं विकर मिलिलिटरला १ ते २ मायक्रोग्रॅम लागतं. हिमॅग्लुटिनिन कापलं गेल्याशिवाय विषाणू पुढच्या पेशीत शिरू शकत नाही. वाढीच्या माध्यमातलं वासराचं सीरम नीट धुतलं नाही तर ते ट्रिप्सिनला अडवतं आणि ‘विषाणू वाढतच नाही’ अशी तक्रार येते. घशाच्या स्वॅबचा नमुना ४ अंशांवर तीन दिवसांत पोचला पाहिजे. त्याहून जास्त थांबणार असेल तर उणे ७०. घरगुती फ्रीजरच्या उणे २० वर ठेवला की विषाणूची जिवंतपणाची शक्यता संपल्यातच जमा.

अंडं हे माणसाच्या श्वासनलिकेपेक्षा वेगळं घर आहे, हे विसरू नका. तिथे वाढताना विषाणू हिमॅग्लुटिनिनमध्ये बदल करतो, आणि ते बदल नेमके प्रतिपिंडं जिथे बसतात तिथे पडू शकतात. २०१६-१७ च्या एच३एन२ लशीत अंड्यात वाढताना १६० व्या जागेवरचा बदल होऊन एक साखरेची साखळी गळून पडली. फिरत्या विषाणूवर ती होती. लस घेतलेल्यांची प्रतिपिंडं अंड्यातल्या विषाणूला छान ओळखत होती आणि बाहेरच्याला कमी. १९४७ ची गोष्ट वेगळ्या कारणाने पुन्हा घडली. म्हणून लशीआधी-नंतरचं सीरम तपासताना अंड्यात वाढवलेला आणि पेशींत वाढवलेला असे दोन्ही विषाणू लावायला हवेत. नुसता अंड्यातला लावला तर निकाल लशीला झुकतं माप देतो.

फ्रान्सिस यांचा पीआर-८ आजही कामात आहे. न्यूयॉर्कच्या एडविन किलबॉर्न यांनी रुजवलेल्या पद्धतीत नव्या विषाणूची दोन पृष्ठभागाची जनुकं आणि अंड्यात जोमाने वाढणाऱ्या पीआर-८ ची आतली जनुकं एकत्र करून लशीचं बियाणं तयार करतात. प्रत्येक विषाणूमागे १५ मायक्रोग्रॅम हिमॅग्लुटिनिन हे नेहमीच्या मात्रेचं प्रमाण, वृद्धांच्या जादा मात्रेत ६०. ते जेलमध्ये पसरणाऱ्या वर्तुळाच्या आकारावरून मोजतात. त्यासाठी दर नव्या विषाणूगणिक मेंढीत नवं प्रतिसीरम बनवावं लागतं आणि नव्या लशीचं वेळापत्रक पुष्कळदा इथेच अडतं.

आता जन्मसाल. १९५३ मध्ये डेव्हनपोर्ट, हेनेसी आणि फ्रान्सिस यांनी वेगवेगळ्या वयांची सीरम तपासली. मुलांत सर्वात जास्त प्रतिपिंडं १९४७ नंतरच्या विषाणूंविरुद्ध, तरुणांत पीआर-८ सारख्यांविरुद्ध आणि तिशी ओलांडलेल्यांत १९१८ च्या नात्यातल्या डुकरांच्या विषाणूविरुद्ध. प्रत्येकात बालपणी पहिल्यांदा भेटलेल्या विषाणूचा ठसा सर्वात खोल होता, आणि नंतरचा कोणताही फ्लू किंवा लस तोच ठसा पुन्हा उजळवत होती. १९६० मध्ये फ्रान्सिस यांनी याला ‘मूळ पाप’ म्हटलं. शब्द मला फारसा पटत नाही, कारण हा ठसा अनेकदा वाचवतो. २००९ मध्ये साठीपुढच्या पुष्कळ लोकांकडे नव्या एच१एन१ विरुद्ध प्रतिपिंडं आधीच होती. २०१६ च्या विश्लेषणात असं दिसलं की १९६८ च्या आधी जन्मलेले, ज्यांना बालपणी एच१ किंवा एच२ भेटला, ते बर्ड फ्लूच्या एच५एन१ पासून बरेच बचावतात, आणि नंतर जन्मलेले, ज्यांना बहुधा एच३ भेटला, ते एच७एन९ पासून.

त्यामुळे सीरम गोळा करताना वय नाही, जन्मसाल लिहा. महाराष्ट्रात इथे एक खास अडचण येते. जुन्या पिढीतल्या असंख्य लोकांची कागदोपत्री जन्मतारीख १ जून असते, आणि साल शाळेत नाव घालताना अंदाजाने टाकलेलं. आधार कार्ड पाहून उपयोग नाही. घरच्यांना विचारा: पानशेतच्या पुराआधी की नंतर, कोयनेच्या भूकंपाच्या वेळी किती मोठे होता, ७२ च्या दुष्काळात शाळेत होता का. कोयनेचा भूकंप डिसेंबर १९६७ चा, आणि एच३एन२ ची जागतिक साथ १९६८ ची. म्हणजे हा एक प्रश्न नेमका तुम्हाला हवा तो गट पाडून देतो. आधीच्या लशींचीही चौकशी करा: कोणत्या साली, नाकातून की सुईने. गेल्या वर्षी लस घेतलेल्याचं आधीचंच टायटर ८० असेल तर त्याला चौपट वाढ गाठणं अवघड जातं. तो लशीला प्रतिसाद देत नाही असा अर्थ काढणं चूक आहे.

तयारीबद्दल थोडक्यात. पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था १९५२ पासून आहे आणि तिथे विषाणूशास्त्रात एम.एस्सी.ही होते. पीएच.डी.साठी सीएसआयआर-यूजीसी नेट किंवा आयसीएमआरची फेलोशिप लागते. लस बनवणाऱ्या कंपन्यांतलं काम वेगळ्या वळणाचं, गुणवत्ता आणि उत्पादनाचं, पण जेल आणि अंडी तिथेच हाताखालून जातात. पुण्यातच २०१० मध्ये नाकातून देण्याची जिवंत लस तयार झाली. तिच्या पाठीमागचा थंडीला सरावलेला विषाणू लेनिनग्राडचा. अशा लशीत रक्तातलं एचआय टायटर फारसं वाढत नाही, संरक्षण नाकातल्या आयजीए प्रतिपिंडांत आणि टी-पेशींत असतं. तेव्हा त्या रस्त्याने जाणार असाल तर नाकाच्या स्रावाचे नमुने आणि पेशींच्या चाचण्याही शिका. संख्याशास्त्र आणि आर ही आकडेमोडीची संगणकभाषा आताच हाती घ्या. २००४ मध्ये एचआयच्या ३५ वर्षांच्या तक्त्यांवरून विषाणूंचा नकाशा काढला गेला, तो केवळ गणिताने. जुने तक्ते जपलेले होते म्हणून ते जमलं.

आपल्याकडे साथ मुख्यतः पावसाळ्यात येते, काश्मीरमध्ये हिवाळ्यात. त्यामुळे महाराष्ट्रात लशीच्या अभ्यासासाठी लोक एप्रिल-मे मध्ये घ्यावे लागतात. जागतिक आरोग्य संघटना दक्षिण गोलार्धाचे विषाणू सप्टेंबरात जाहीर करते, तीच लस या वेळापत्रकाला जुळते. ऑक्टोबरात लस देऊन जूनमध्ये संरक्षण मोजायला गेलात तर मधल्या महिन्यांत टायटर उतरलेलं असतं.

प्रयोगशाळेत शिरल्यावर पहिल्या महिन्यात नवं काही सिद्ध करायला जाऊ नका. एक मध्यम टायटरचं सीरम घ्या, ते छोट्या नळ्यांत वाटून उणे ७० वर ठेवा, म्हणजे पुन्हा पुन्हा वितळवावं लागणार नाही. तीच नळी वेगवेगळ्या दहा दिवशी, दर वेळी नवं विकर, नव्या पेशी, नव्याने मोजलेला विषाणू घेऊन तपासा आणि निकाल वहीत ओळीने लिहा. दहापैकी नऊ वेळा आकडा एका पायरीच्या आत राहिला की मग माणसांची सीरम उघडा. आणि त्या नळ्या संपू देऊ नका. पुढे प्रत्येक प्लेटवर एक वेल त्याच सीरमचा ठेवा.